अण्णांचं टेबल: एका निवृत्त तहसीलदाराचा पहिला स्मृतिदिन

पार्श्वभूमी

हे प्रकरण लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या हद्दीवरल्या एका तालुक्याच्या गावातलं. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलं आहे. नाती, आकडे आणि काही तपशील बदलले आहेत. ज्यांच्या स्मृतीचा हा विषय, त्यांना घरात आणि गावात अण्णा म्हणत. कचेरीतले जुने लोक मात्र शेवटपर्यंत साहेबच म्हणत राहिले.

अण्णा 1967 मध्ये महसूल खात्यात लिपिक म्हणून लागले. पुढं अव्वल कारकून, 1984 मध्ये नायब तहसीलदार, आणि 31 मे 2004 रोजी तहसीलदार म्हणून निवृत्त. लिपिक होते तोवर बदल्या जिल्ह्याच्या आतच होत होत्या. नायब तहसीलदार झाले आणि अख्खा विभाग मोकळा झाला: कळमनुरी, किनवट, भोकरदन, परत खाली. 37 वर्षांत 11 बदल्या. निवृत्तीनंतरही पाय घरात ठरला नाही. पायी नर्मदा परिक्रमा झाली, दरसाल आषाढीची वारी, आणि मधल्या काळात एसटीनं मिळेल तिथं. ऑगस्ट 2022 मध्ये 75 वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. त्यांच्या वहीत चिकटवलेली शेवटची तिकिटं शून्य रुपयांची आहेत.

गावाच्या लक्षात मात्र ते राहिले ते एका घडीच्या टेबलामुळं. दर गुरुवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी, तहसीलसमोरच्या लिंबाखाली सकाळी दहाला ते टेबल उघडायचं. वर शाईची डबी, स्टँप पॅड, टाचण्यांची वाटी, दोऱ्यानं टेबलाच्या पायाला बांधलेला जास्तीचा चष्मा आणि लांब दोनशे पानी वही. संजय गांधी निराधार, श्रावणबाळ या योजनांचं सरकारी अनुदान, वारसाची नोंद, शिधापत्रिकेतलं नाव, जे काम येईल त्याचा अर्ज लिहून द्यायचा. पैसा घ्यायचा नाही. चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला. 18 वर्षांत अशा 41 वह्या भरल्या.

20 नोव्हेंबर 2022 रोजी अण्णा गेले.

समस्या

तेराव्याच्या दिवशीच चार गट चार गोष्टी बोलायला लागले. भावकीला चौकात अर्धपुतळा हवा होता. तरुण मंडळाला वेशीवर कमान. जुन्या सहकाऱ्यांना गौरवग्रंथ आणि दरवर्षी एक पुरस्कार. अण्णांच्या मुलीचं म्हणणं एवढंच होतं, की जे काही कराल त्यात खोटं नको. आणि टेबलाचं पुढं काय, हे कुणीच विचारलं नाही. ते विचारलं बाजाराला आलेल्या एका म्हातारीनं, पंधरा दिवसांनी, लिंबाखाली उभं राहून: "आवो, कागदावाल्या अण्णाचं टेबल कामून मांडलं नाही?"

भावनिक अंगाइतकीच यात एक कोरडी अडचण होती. वर्गणी जमायला सुरुवात झाली होती आणि ती एका शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यात, फोनवरून. दोन महिन्यांत 61 हजार. कुणी किती दिले याची यादी व्हॉट्सॲपवर, पावती एकही नाही. शिक्षक सरळ माणूस, पण हिशेबाला माणूस सरळ असून भागत नाही.

कोणते पर्याय तपासले

पुतळ्याचा पर्याय सर्वांत आधी गळाला. 18 जानेवारी 2013 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर नव्या पुतळ्यांना परवानगी देऊ नये असं राज्यांना बजावलं आहे. चौक म्हणजे रस्ताच. खासगी किंवा संस्थेच्या जागेत करायचा तरी नुसता ठराव पुरत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, पुढच्या देखभालीची लेखी हमी, असं सगळं लागतं. स्मृतिदिनासाठीच्या समितीतल्या एका निवृत्त अव्वल कारकुनानं हा सगळा क्रम बैठकीत तोंडपाठ म्हणून दाखवला आणि शेवटी म्हणाले, अण्णांनी स्वतः असे प्रस्ताव त्रुटी काढून परत पाठवलेत. विषय तिथं संपला. कमानीचंही तसंच: रस्ता ज्याचा, परवानगी त्याची, आणि रस्ता रुंद झाला की कमान आधी पडते.

पुरस्काराचा हिशेब कागदावर मांडला तेव्हा उत्साह ओसरला. एक लाख मुदत ठेवीत टाकले तर 7 टक्क्यांनी वर्षाला 7,000 रुपये व्याज. त्यात सन्मानचिन्ह, शाल, सभागृहाचं भाडं आणि पाहुण्यांचा प्रवास. पुरस्कार घेणाऱ्याच्या हातात हजारभर रुपये पडले तर नशीब. दरवर्षी नव्यानं वर्गणी मागायची तयारी असेल तरच पुरस्कार सुरू करावा. नाहीतर तो चौथ्या वर्षी बंद पडतो आणि ज्याच्या नावानं सुरू केला त्याची शोभा होते.

राहिलं पुस्तक, आणि म्हातारीच्या प्रश्नानंतर पुढं आलेलं टेबल. समितीनं दोन्ही घेतले. आमच्या मते पुस्तकावर खर्चाची मर्यादा आधी घातली हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय: जमेल त्या रकमेच्या पाव हिश्शाहून जास्त नाही.

पैसा मार्गी लावणं

नोंदणी नसलेल्या समितीला बँक सहजी खातं देत नाही, आणि नोंदणी नसताना सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 41 क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच. समितीनं दुसरी वाट धरली. गावातलं सार्वजनिक वाचनालय नोंदणीकृत न्यास आहे. त्याच्या कार्यकारिणीनं ठराव केला, वेगळं खातं उघडलं, छापील पावतीपुस्तक काढलं. शिक्षकाच्या खात्यातली रक्कम एकाच धनादेशानं वळती केली आणि जुन्या 61 हजारांच्या पावत्या नावानिशी फाडल्या. यादीत नऊ जणांची फक्त फोनवरची टोपणनावं होती. 'भाऊ पुणे' म्हणजे कोण हे शोधायला तीन आठवडे गेले.

शेवटी जमा झाले 2,37,500 रुपये, 143 पावत्यांवर.

कागद आणि आठवण

खरा वेळ गेला तो इथं. पहिल्या महिन्यातच दोन चुका चव्हाट्यावर आल्या होत्या. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर 'निवृत्त उपजिल्हाधिकारी' छापलं गेलं, आणि '1985 : हिंगोली जिल्ह्यात सेवा' असंही. पहिली चूक प्रेमापोटी बढती देणाऱ्यांची. दुसरी जास्त फसवी, कारण वाचताना ती खटकतच नाही. हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999 रोजी. 1985 मध्ये कळमनुरी तालुका परभणी जिल्ह्यात होता. तसंच लातूर जिल्हा 16 ऑगस्ट 1982 चा; त्याआधीची लातूर, औसा, निलंग्याची नोकरी उस्मानाबाद जिल्ह्यातली. जालना 1 मे 1981 चा. मराठवाड्यात फिरतीची नोकरी केलेल्या माणसाचं चरित्र लिहायचं तर या तीन तारखा भिंतीवर लावूनच बसावं.

त्यातून नावांचा प्रश्न निघाला. 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. पुस्तकात कोणतं नाव? दोन बैठका यावर गेल्या, आवाजही चढले. ठरलं ते असं: घटनेच्या वेळी कागदावर जे नाव होतं ते मजकुरात, पहिल्यांदा येईल तिथं 'आताचे धाराशिव' अशी जोड, आणि शेवटच्या नकाशात फक्त आजची नावं. दोन्ही बाजू थोड्या नाराज राहिल्या.

सेवेचा क्रम लावायला मूळ सेवापुस्तक मिळालं नाही, पण घरच्या पत्र्याच्या पेटीत त्याची दुय्यम प्रत निघाली. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: बदलीच्या आदेशाची तारीख, कार्यमुक्तीची तारीख आणि रुजू झाल्याची तारीख या तीन वेगळ्या असतात. पुस्तकात फक्त रुजू झाल्याची घेतली. हुद्द्याचा वाद नागपूरच्या महालेखापाल कार्यालयानं दिलेल्या निवृत्तिवेतन आदेशानं मिटवला. त्यावर तहसीलदार असंच आहे.

जन्मतारखेचं कोडं सुटलं नाही. कागदावर 1 जून 1946. म्हणूनच निवृत्ती 31 मेची: महिन्याच्या एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुटका. पण 1 जून ही गुरुजींनी लावलेली तारीख, शाळेत घालताना अर्ध्या गावाला लावलेली. घरात सांगत ते निराळं: रझाकारांच्या धास्तीनं कुटुंब निजामाची हद्द ओलांडून बार्शीकडं गेलं होतं, तिकडं जन्म झाला, आणि पोलीस ॲक्शन झाल्यावर लेकरू काखेत घेऊन आई गावी परतली. म्हणजे 1947-48. पुस्तकात '1 जून 1946, कागदोपत्री' असं छापलं आणि खाली घरची हकीकत दोन ओळीत दिली.

भूकंपाची पहाट

सर्वांत अवघड निर्णय 1993 चा. 30 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक झोपले असताना, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं लेख दिला: अण्णा त्याच सकाळी सास्तूरला ढिगाऱ्यापाशी हजर होते. लेख सुरेख होता. सभेत तो वाचायचा असंही ठरलं होतं.

पण अण्णा त्या वर्षी किनवटला होते. नांदेड जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला. प्रतिनियुक्तीची नोंद सेवापुस्तकात नव्हती. प्रवासभत्त्याच्या देयकाची कार्बन प्रत मात्र पेटीत होती, आणि अशा देयकात निघाल्याची आणि पोहोचल्याची तारीख-वेळ दोन्ही लिहावी लागते. त्यावर उमरग्याला पोहोचल्याची तारीख 3 ऑक्टोबर. पुढचे 47 दिवस त्यांनी केलं ते काम ढिगारे उपसण्याचं नव्हतं. मृतांच्या याद्या, वारस कोण याची चौकशी, पंचनामे. एकाच नावाची तीन माणसं, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून ते न सांगणाऱ्या बाया, अख्खं घर गेल्यावर वारस म्हणून पुढं आलेले चुलते. चुकीच्या नावावर धनादेश गेला तर खरा वारस वर्षानुवर्षं हेलपाटे घालणार, म्हणून ते एकेका नावाला दोन-दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेत.

समितीपुढं तीन मार्ग होते: लेख तसाच छापायचा, लेख गाळायचा, किंवा लेखकाला कागद दाखवायचा. तिसरा निवडला. दोघंजण देयकाची प्रत घेऊन त्यांच्या घरी गेले. ते आधी दुखावले, मग बराच वेळ प्रत हातात धरून बसले. स्वतः ते त्या वेळी औसा तालुक्यात होते. पहाटे पाहिलेला अधिकारी दुसराच कुणीतरी होता, आणि तीस वर्षांत त्याला अण्णांचा चेहरा लागला. लेख त्यांनी पुन्हा लिहिला, स्वतः पाहिलेल्या सकाळचा. अण्णा त्यात तिसऱ्या पानावर येतात, यादी घेऊन. पुस्तकातला तोच सर्वांत चांगला लेख झाला आहे.

यावरून मुलाखतींची पद्धतही बदलली. वीस-पंचवीस मिनिटं, फोन उलटा ठेवून ध्वनिमुद्रण, आणि प्रत्येक प्रसंगाला तीनच प्रश्न: कुठं, सोबत कोण, आणि कशाच्या आधी-नंतर? सन विचारला की म्हातारी माणसं अंदाज ठोकतात. 'बहात्तरच्या दुष्काळाआधी का नंतर?', 'भूकंपाआधी का नंतर?', 'मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या साली का?' असं विचारलं की उत्तर बहुधा बरोबर येतं.

वह्यांचं काय करायचं

41 वह्यांमध्ये रकाने होते: तारीख, नाव, गाव, काम, काय कमी पडलं, निकाल. वाचनालयाला त्या स्कॅन करून सगळ्यांसाठी खुल्या करायच्या होत्या. दोन वह्या स्कॅन झाल्यावर काम थांबवलं. त्यात आधार क्रमांक होते, बँक खात्यांचे क्रमांक होते, टाचणीनं लावलेल्या झेरॉक्स होत्या, आणि कुणाला नवऱ्यानं टाकलं, कुणाचा मुलगा पैसे हिसकावतो असंही लिहिलेलं. स्कॅन पुसले, झेरॉक्स जाळल्या, वह्या मुलीकडं कुलपात. पुस्तकात एकाही लाभार्थ्याचं नाव नाही. ज्या चौघींनी स्वतःहून बोलायची तयारी दाखवली, त्यांना मजकूर वाचून दाखवून अंगठा घेतला.

मात्र 'काय कमी पडलं' हा रकाना सोनं होता. साडेसहा हजारांच्या आसपास नोंदी चाळल्या तर तीच ती कारणं पुन्हा पुन्हा निघाली. आधारवर एक नाव आणि पासबुकावर दुसरं: चंद्रकलाबाई आणि चंद्रकला. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत मार्चअखेर संपलेली. नवऱ्याच्या मृत्यूची नोंदच नाही, आणि वर्ष उलटल्यावर ती दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. हयातीचा दाखला दिला नाही म्हणून अनुदान बंद. खातं आहे, पण आधार दुसऱ्याच बँकेच्या खात्याला जोडलेलं. बोटं झिजल्यानं यंत्र ठसा घेत नाही. या कारणांचं दोन पानी टाचण तयार झालं आणि टेबल पुन्हा सुरू करताना तेच कामाला आलं.

छपाई आणि कार्यक्रम

डेमी आकाराची 96 पानं, म्हणजे 16 पानांचे सहा फर्मे. मजकूर आला 131 पानांचा. 19 श्रद्धांजलीपर कविता काढल्यावर बराचसा प्रश्न मिटला. 70 जीएसएमचा नॅचरल शेड मॅपलिथो कागद, शिलाई बांधणी (चिकटवलेली बांधणी आपल्याकडच्या उन्हाळ्यात सुटते), 500 प्रती, 48,600 रुपये. अर्धे लेख जुन्या फाँटमध्ये टाइप झालेले. युनिकोडमध्ये आणताना रफार उडाले आणि 'सर्व'चं 'सव' झालं. तीन मुद्रितं वाचूनही दोन 'सव' राहिलेच. फोटो फोनवरून मागवले तेव्हा सगळे बारीक आणि फुटके आले. मूळ फोटो हातात घेऊन 600 डीपीआयवर स्कॅन केले, मागं मऊ शिसपेन्सिलीनं नावं लिहिली आणि त्याच आठवड्यात परत केले. मुद्रितावर 'फोटो नंतर देतो' असं जिथं लिहिलं होतं, तिथं पुस्तकात फोटो नाही.

दिवस ठरवणं सोपं नव्हतं. अण्णा गेले त्या दिवशी कार्तिक वद्य एकादशी, आळंदीची. 2023 ला अधिक श्रावण आल्यानं तीच तिथी 8 डिसेंबरला सरकली, आणि त्या दिवशी गावातली माळकरी मंडळी आळंदीत. तारखेनं 20 नोव्हेंबर धरावी तर सोमवार, आणि तीन दिवसांवर पंढरपूरची कार्तिकी. शेवटी घरचं श्राद्ध तिथीला आणि जाहीर कार्यक्रम शनिवारी, 18 नोव्हेंबरला, दिवाळीला पुण्या-मुंबईहून आलेली माणसं परतण्याआधी. मुख्य पाहुणा कोण, हा एरवी महिनाभर चालणारा वाद या वेळी झालाच नाही. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात गावोगाव पुढाऱ्यांना गावबंदी होती.

सत्कार नाहीत, असं पत्रिकेतच छापलं. शाल-श्रीफळाला माणशी दीड मिनिट लागतं. यादी 26 जणांची होती, म्हणजे 39 मिनिटं. पाच वक्ते, प्रत्येकी सात मिनिटं. प्रत्यक्षात पहिलाच वक्ता बावीस मिनिटं बोलला आणि मग कुणी कुणाला थांबवेना. कार्यक्रम दुपारी तीनचा. खेड्याकडं जाणारी शेवटची एसटी साडेपाचची. पाच वाजता मागच्या सतरंजीवरच्या बाया एकेक करून उठल्या, आणि पुस्तकासाठी बोललेल्या त्या चौघींपैकी तिघी बोलायची पाळी येण्याआधीच निघून गेल्या.

निष्पत्ती

पुस्तक 48,600, कार्यक्रम 31,400, स्कॅनिंग आणि टंकलेखन 9,500, टेबल-खुर्च्या, कपाट आणि प्रिंटर 28,000. एकूण 1,17,500. उरले 1,20,000. बसणाऱ्या मदतनीसाला दर गुरुवारी 500 रुपये, वर्षाचे 26,000, कागद-झेरॉक्सचे 4,000. या हिशेबानं चार वर्षांची सोय झाली. जमाखर्च वाचनालयाच्या फलकावर लावला.

टेबल 7 डिसेंबर 2023 च्या गुरुवारी मांडलं. पहिले दोन महिने गर्दी जास्त झाली, कारण कुणबी नोंदींच्या शोधात लोक जुने कागद घेऊन येत आणि त्यातले काही उर्दूत, काही मोडीत. मदतनीस पदवीधर मुलगा. त्याला दोन्ही येत नव्हतं. आलेल्यांना चार गुरुवार परत पाठवावं लागलं, मग एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी महिन्यातून एकदा बसायचं कबूल केलं. मोडीचा माणूस अजून मिळालेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

टेबल वर्षभर बंद राहायला नको होतं. समिती पुस्तकात गुंतली तोवर कित्येकांचा हयातीचा दाखला चुकला आणि अनुदान थांबलं. दुसऱ्याच गुरुवारी कुणी नुसतं टेबल मांडून बसलं असतं तरी चाललं असतं.

ऊसतोड कुटुंबांच्या आठवणी पुस्तकात जवळपास नाहीत. त्यांच्या मुलाखती ऑक्टोबरअखेर सुरू केल्या. 1 नोव्हेंबरला गाळप हंगाम लागणार होता आणि टोळ्या निघून गेल्या होत्या. पोळ्याच्या सुमाराला हे काम उरकायला हवं होतं. अण्णांच्या वह्यांत सर्वांत जास्त नोंदी याच घरांच्या आहेत.

कार्यक्रम बाजाराच्या दिवशी, सकाळी अकरा ते एक, लिंबाखालीच घ्यायला हवा होता. एसटीचा प्रश्न आला नसता आणि लाभार्थ्यांना वेगळं बोलवावंही लागलं नसतं.

आणि मदतनीस एकच नेमला, ही चूक. ऑगस्ट 2024 मध्ये त्याला नोकरी लागली, तो गेला, आणि तीन गुरुवार लिंबाखाली कुणी नव्हतं. आता दोघं आलटून पालटून बसतात. 42 वी वही त्यांनी अण्णांच्याच रकान्यांनी आखली आहे. आधार क्रमांक लिहायचा नाही, हे पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून.